कपिलेची घंटा

हल्के कुशवाहानं नानांना ढेकूळ मारलं, त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की मला माझ्याच अंगणातली तुळस दिसत नव्हती. ढेकूळ खांद्याला लागलं. नाना पडले नाहीत, ओरडले नाहीत, मटरात उभे होते तसेच उभे राहिले. म्हणून हल्केनं दुसरं उचललं. ते फेकायच्या आधी त्याला धोतर दिसलं, हे नानांचं नशीब.

मग तो नानांना हाताला धरून प्रमोदिनीच्या दारात घेऊन आला आणि भांडायला लागला. खरं तर माफी मागायला आला होता. पण आमच्या गावात माफीसुद्धा वरच्या पट्टीत मागतात.

"बहूजी, हमने तौ जानी कै अन्ना ढोर घुस आओ! एक बेर आवाज दई, नईं बोले. फिर दई, तऊँ नईं बोले. अब आदमी बोलेई ना, तौ हम का समझें?"

"तो भैया, बुजुर्ग आदमी को पत्थर मारोगे?" प्रमोदिनीच्या हाताला अजून कणीक होती.

"पथरा नईं हतो, ढेला हतो!" हल्केला हा फरक फार महत्त्वाचा वाटत होता. "और जे तौ पूछो, बब्बा हमाई मटर में का कर रए हते!"

"नाना, तुम्ही तिकडं काय करत होतात?" प्रमोदिनीनं विचारलं.

"कपिला इकडून गेली का, बघत होतो," नाना म्हणाले. काळ्या कोटावर मातीचा गोल डाग पडला होता, तो त्यांनी झटकलासुद्धा नाही.

अन्ना म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या बुंदेलखंडात गाय भाकड झाली की पुष्कळ लोक तिला सोडून देतात. सोडलेलं जनावर ते अन्ना. सोडताना गळ्यातलं दावं काढतात आणि घंटा काढतात, म्हणजे गाय कुणाची ते कळायला नको. मग ती कळपानं हिंडते, उभी पिकं खाते, आणि ज्यांनी सोडली तेच लोक थंडीत बांधावर बसून तिला ढेकळं मारतात. त्यात कुणाला काही चूक वाटत नाही.

मी जानकी, शेजारीण. आमच्या खिरिया गावात मराठी घरं दोनच, एक नानांचं नि एक आमचं. समथरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. पूर्वजांनी तलवार चालवली म्हणून जमीन मिळाली. आता तलवार गेली, जमीन चार बिघे उरली आणि मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत उरली. नानासाहेब प्रमोदिनीचे सासरे. सासू पार्वतीबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. नवरा सुबोध झाशीत कारकून, तिथल्या नगरा मोहल्ल्यात खोली घेऊन राहतो, शनिवारी संध्याकाळी येतो नि रविवारी संध्याकाळी कपडे धुऊन घेऊन जातो. मुलगी चारुता बारावीला. या सगळ्यांच्या मधे प्रमोदिनी. तिच्याकडं बघितलं की मला नेहमी वाटायचं, हिला देवानं दोन हात देताना कंजूषपणा केला.

सकाळी सासूची कूस बदलायची, तिला पुसायचं, लेकीला उठवायचं, लेकीला पुन्हा उठवायचं, मग मटर तोडायला जायचं. आणि शेंग तोडता तोडता दर थोड्या वेळानं उभं राहून बघायचं की नाना दिसताहेत का. बहुधा नाना दिसत नसत. मग टोपली तिथंच टाकून ती पळायची. कधी कालव्यावर सापडायचे, कधी बसच्या थांब्यावर. दरवेळी कारण एकच, कपिला.

कपिला त्यांची गाय. तिचं दूध आटलं तेव्हा नानांचा थोरला मुलगा विद्याधर झाशीहून आला. तो सिविल लाइन्समध्ये राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याला सगळ्याची व्यवस्था लावायची सवय आहे. भाकड गाय पोसून काय मिळणार, असं म्हणून त्यानं टेम्पो बोलावला आणि कपिलेला बेतवा नदीपलीकडं सोडून आला. तिच्या गळ्यातली घंटा नानांनी स्वतःच्या हातानं काढली नि ओसरीवरच्या खिळ्याला अडकवली.  पुढं हळूहळू नानांच्या डोक्यातून एकेक गोष्ट जायला लागली. शेजाऱ्यांची नावं गेली, हिंदी गेली, सुबोध कुणाचा मुलगा तेही कधी कधी जातं. कपिला तेवढी गेली नाही.

हल्के जाताना म्हणाला, "कछू निसानी तौ बाँधो बब्बा खों. हमें पतौ तौ चले कै घर को आदमी आए."

तो बोलून मोकळा झाला. प्रमोदिनीनं मात्र हातातली कणीक धुतली, खिळ्यावरची घंटा काढली, सुई-दोरा घेतला आणि नानांच्या कोटाच्या खालच्या काजात ती घंटा पक्की शिवून टाकली. तो कोट नाना जेठाच्या उन्हातही अंगावरून काढत नाहीत.

खाटेवरून पार्वतीबाई बघत होत्या. "माझ्या खाटेलाही एक बांध. म्हणजे मी मेले तर कळेल."

"तुम्ही मेल्यावर वाजवणार कोण, आई?"

"तेही खरंच," पार्वतीबाई म्हणाल्या नि डोळे मिटून पडल्या.

आता गंमत बघा. नाना उठले, घंटा वाजली. ते थांबले. "कपिला इथंच आहे," म्हणाले. दोन पावलं गेले, घंटा वाजली. "जवळच आहे." कान त्यांचे पहिल्यापासून तिखट. ते गाईला शोधत निघत, आणि गाय सारखी त्यांच्या बाजूलाच असे. मग लांब जायचं कशाला? अंगणातून गोठ्याकडं, गोठ्याकडून लिंबाखाली, तिथून परत ओसरीवर. दिवसभर समाधानानं फिरायचे.

प्रमोदिनी मटर तोडताना खाली मान घालून घंटा ऐकायची. सावकाश वाजतेय, म्हणजे ठीक आहे. वाजत नाही, म्हणजे नाना झोपलेत. भरभर वाजतेय, म्हणजे बाहेर कुणाची तरी गाय दिसली, पळा. चारुता आतल्या खोलीत फिजिक्स पाठ करायची आणि मधेच खिडकीतून ओरडायची, "आई, नाना गेटकडं चालले!" पुस्तकातून डोकं वर न काढता. हल्केही आता घंटा ऐकली की हातातलं ढेकूळ खाली ठेवून "राम राम बब्बा" म्हणायचा. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी धावत नव्हतं.

आणि मग रविवारी विद्याधर आणि त्याची बायको स्वाती गाडीतून आले. मिठाई आणली होती. नाना सामोरे गेले, घंटा वाजवत.

स्वातीनं मिठाईचा डबा हातातच धरून विचारलं, "हे काय आहे?"

"घंटा," प्रमोदिनी म्हणाली.

"ते दिसतंय मला. नानांच्या अंगावर काय करतेय?"

"वाजते."

मी तिथं वाटाणे सोलत बसले होते. हसू आलं ते मी शेंगांच्या ढिगात लपवलं. पण विद्याधरचा चेहरा लाल झाला होता.

"सुबोध, तुला दिसत नाही का रे? आपल्या खानदानाची काही इज्जत आहे की नाही? नाना काय जनावर आहेत?"

सुबोध चहाच्या कपात बघत राहिला. त्याला भावासमोर बोलायची सवय नाही. उत्तर खाटेवरून आलं.

"जनावर असते तर तू केव्हाच बेतवेपलीकडं सोडून आला असतास, विद्या."

 नाना फिरतच होते, घंटा वाजतच होती.

"दादा, चारुताची परीक्षा तोंडावर आलीय," प्रमोदिनी हळू म्हणाली. "मी शेतात असते. मला आवाज लागतो हो."

"मग मी घेऊन जातो नानांना," विद्याधर म्हणाला. "परीक्षा होईपर्यंत. आमच्याकडं सगळं आहे, गेट आहे, नोकर आहे." स्वातीनं एकदम त्याच्याकडं बघितलं. हे दोघं घरून ठरवून निघाले नव्हते, तेवढं मला कळलं. पण बोलून गेला, आता मागं घेणार कसा?

स्वातीनं कात्री मागितली नि कोटावरचा दोरा कापला. प्रमोदिनी घंटा घेऊन गाडीपर्यंत गेली. "वहिनी, बरोबर राहू द्या. त्यांना बरं वाटतं."

"सिविल लाइन्समध्ये? शेजारी काय म्हणतील?"

प्रमोदिनीनं घंटा परत आणून खिळ्याला अडकवली. गाडीत बसता बसता नानांनी विचारलं, "कपिला?" विद्याधर म्हणाला, "येतेय मागून." नानांचा विश्वास बसला. गाडी वळेपर्यंत ते मागच्या काचेतून रस्त्याकडं बघत होते. मला विद्याधरचा राग आला. पोटच्या पोराशी जे खोटं बोलवत नाही, ते बापाशी किती सहज बोलवतं.

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी माझ्याकडं आली नि चुलीपाशी बसली. म्हणाली, "काकू, आज मी बसून चहा प्याले. गरम." एवढं बोलली आणि रडायला लागली. "मला बरं वाटलं हो. नाना गेले आणि मला बरं वाटलं. असं वाटायला नको ना?"

मी म्हटलं, "वाटू दे. चहा गरमच प्यायचा असतो."

पण घरात भलतंच झालं. चारुताचा अभ्यास थांबला. पुस्तक समोर धरून बसायची आणि दर थोड्या वेळानं उठून अंगणात डोकवायची. "आई, नाना..." म्हणायची नि गप्प व्हायची. पार्वतीबाई जेवेनात. म्हणाल्या, भूक नाही. लग्न झाल्यापासून त्या माणसाला शिव्या देऊन त्यांना भूक लागत आलेली, आता शिव्या कुणाला देणार?

फिजिक्सचा पेपर होता त्या सकाळी मी पार्वतीबाईंपाशी बसायला गेले. चारुताचं केंद्र समथरला, स्कूटीवरून न्यायचं प्रमोदिनीनं. लेक मागं बसली, आईनं चावी फिरवली आणि फोन वाजला. विद्याधरचा. मला पलीकडचं ऐकू आलं नाही. प्रमोदिनीचा चेहरा मात्र दिसला, नि मी उंबऱ्याबाहेर आले.

"नाही दादा, इकडं नाही आले," ती म्हणाली. मग नुसतीच ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

"कोण होतं, आई?"

"विद्याकाका. पेपरसाठी शुभेच्छा दिल्या."

प्रमोदिनीनं एकदा झाशीच्या रस्त्याकडं बघितलं. झाशी किती लांब, ते तिला माहीत होतं. स्कूटीला एकच तोंड. पार्वतीबाई आतून ओरडल्या, "काय झालं गं?" आणि मी ओरडले, "काही नाही!" प्रमोदिनीनं स्कूटी समथरच्या दिशेला वळवली आणि गेली. मला तिच्या पाठीकडं बघवेना.

थोड्या वेळानं फोन माझ्याकडं आला. विद्याधरचाच. "काकू, आईला सांगू नका, पण..." पार्वतीबाईंनी हात पुढं केला. हाड मोडलंय त्यांचं, नजर नाही. मी मुकाट्यानं फोन दिला.

"बोल, विद्या."

विद्याधर बोलला. नोकर दूध आणायला गेला, गेट उघडं राहिलं. सुबोध नगऱ्याहून आला होता, दोघं भाऊ दोन बाजूंना गाडी घेऊन हिंडत होते, गल्लोगल्ली "नाना, नाना" हाका मारत होते. पोलिसांनाही कळवलं होतं.

"हाका कशाला मारताय?" पार्वतीबाई म्हणाल्या. "आपलं नाव नाना आहे, हे त्यांना कुठं आठवतंय? हाका ऐकून ओ देणारा माणूस तुम्ही नेलाच नव्हता."

"मग काय करू, आई?" एवढा मोठा हुद्देदार माणूस, आवाज अगदी लहान झाला होता.

"घंटा वाजव."

"घंटा तर तिकडंच राहिली."

"तुझ्या घरात देव आहेत की नाहीत?" पार्वतीबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या रडत होत्या की नाही, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना आवडलं नसतं.

पुढचं मला सुबोधनं सांगितलं. स्वातीनं मला ते मेली तरी सांगितलं नसतं. भाऊ दोघं लांब होते, घरी ती एकटीच. तिनं देव्हाऱ्यातली घंटा उचलली, पितळी, मुठीची, आरतीला वाजवतात ती, आणि गाऊनवर ओढणी घेऊन रस्त्यावर आली. सिविल लाइन्सच्या त्या झाडीच्या रस्त्यावरून ती घंटा वाजवत चालायला लागली. बंगल्यांच्या गच्च्यांवर बायका आल्या. एक जण वरून म्हणाली, "मिसेस साहब, कोई पूजा है क्या?" स्वातीनं मान हलवली आणि वाजवत राहिली. चौकातल्या फळवाल्यानं हात जोडले. तिनं तेही चालवून घेतलं. लोक काय म्हणतील, ते आता सगळं तिच्यासमोरच म्हणत होते, आणि तिचा हात थांबत नव्हता. मला ती आवडत नाही, पण हे ऐकलं तेव्हा मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

एका वळणावर तिला वाटलं, मागं कुणीतरी आहे. वळून बघते तर नाना. कोट चिखलानं भरलेला, अनवाणी, आणि त्यांच्यामागं रस्त्यावरच्या दोन अन्ना गाई. रात्रीपासून उपाशी असाव्यात तशा त्या नानांच्या धोतराला हुंगत होत्या.

"बाई," नाना तिला म्हणाले, "ही घंटा माझ्या गाईची आहे. तुम्ही तिला कुठं नेताय?"

स्वाती रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि मोठ्यानं रडली. नाना बाजूला उभे राहून तिची समजूत घालत होते, म्हणे, गाय सापडते, रडू नका.

प्रमोदिनी तोवर केंद्राबाहेर पिंपळाखाली बसून होती. मी फोन केला, "सापडले," म्हटलं.  मग ती म्हणाली, "काकू, आईंनी काही खाल्लं का?" अशी बाई.

चारुता पेपर देऊन बाहेर आली तीच म्हणाली, "नाना मिले?"

"तुला कुणी सांगितलं?"

"विद्याकाका कधी शुभेच्छा देतात का, आई? मला तेव्हाच समझलं होतं." हेल्मेट घालता घालता म्हणाली, "पण तू गाडी वळवली नाहीस. मग मीपण पेपर सोडला नाही. एक सवाल फक्त राहिला."

प्रमोदिनीनं तिला भर रस्त्यात जवळ घेतलं. पोरीनं ते सहन केलं.

दुसऱ्या दिवशी विद्याधरची गाडी आली. नाना उतरले, आणि घंटा वाजली. बारीक, देवळातल्यासारखी. कोट धुतलेला होता, आणि वरच्या काजात देव्हाऱ्यातली घंटा मुठीसकट शिवलेली होती. दोरा गुलाबी रेशमाचा, टाके अगदी एकसारखे. स्वातीनं कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

"देवाला काय वाजवता आता, वहिनी?" प्रमोदिनीनं विचारलं.

"टाळ्या," स्वाती म्हणाली.

प्रमोदिनी हसली नाही. तिनं ओसरीवर जाऊन खिळ्यावरची घंटा काढली आणि खालच्या काजात पूर्वीसारखी शिवून टाकली. जावेची घंटा काढणं बरं दिसलं नसतं, आणि कपिलेची तर हवीच होती. मी म्हटलं, आता म्हातारा आणखी जड झाला.

नाना उठले. मोठी वाजली, तिच्यामागून लहान. ते थबकले. एक पाऊल टाकलं. पुन्हा मोठी, पुन्हा लहान. त्यांचा चेहरा असा उजळला की मी वाटाण्याची सुपली खाली ठेवली.

"पार्वती," ते आत बघून ओरडले. कित्येक दिवसांत त्यांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. "पार्वती, कपिला आली. एकटी नाही आली. व्याली ती! वासरू आहे बरोबर, ऐक."

 आतून पार्वतीबाईंनी विचारलं, "कालवड की गोऱ्हा?"

"कालवड," नाना म्हणाले. "आणि सगळे म्हणत होते, भाकड आहे."

विद्याधर अंगणात गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. नाना त्याच्यापाशी गेले, दोन्ही घंटा वाजवत. त्याचं मनगट धरलं.

"अहो, तुम्ही कोण ते मला आठवत नाही. पण दारात उभे आहात, भले दिसता, म्हणून सांगतो. आता हिला कुणी सोडायला आलं, तर सोडू देऊ नका."

"नाही देणार, नाना," विद्याधर म्हणाला. 

"मग चला. भुकेली असेल."

विद्याधरनं किल्ली खिशात टाकली. कोपऱ्यातली चाऱ्याची पाटी उचलली आणि बापाच्या मागोमाग रिकाम्या गोठ्यात गेला.